पंगतीतून उठलेल्या माणसाचा पास्ता

उधना, सुरत
२ मार्च

योगराज,

आशीर्वाद आधी लिहायचा असतो म्हणून हा आशीर्वाद. घ्यायचा की नाही ते तुझं तू बघ.

पत्र बघून हसू नकोस. मोबाईलवर लिहायला जावं तर एक अक्षर दाबलं की शेजारचंच उठतं. आणि बोलून पाठवायचं तर जीभ लागते. ती डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी काढून घेतली, तुला माहीतच आहे. तू तेव्हा आला होतास म्हणे. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलास, आईशी बोललास आणि मला तोंड न दाखवता वसईला परत गेलास. आईने हे मला दिवाळीनंतर सांगितलं. मी काही म्हणालो नाही. म्हणणार तरी कसा?

कामाचं लिहितो. धुळेटी, आपली धुळवड, यंदा शुक्रवारी आहे, तुला सुट्टी असेल. तू, तुझी बायको आणि मुलगी, तिघं इथे जेवायला या. जेवायला म्हणजे वरणबट्टी नाही. तुझ्या लग्नात तू स्वतःच्या हाताने जे केलं होतंस ना, ते पांढरं, मलईतलं, डुकराच्या मटणाचं, पास्ता की काय ते, तेच मी करणार आहे. तुझी आई नाही, मी.

आबाला हे काय सुचलं, असं वाटेल तुला. तू आईला फोनवर म्हणाला होतास, आमच्या घरचं ताट ज्याला चाललं नाही त्याच्या घरचं पाणी मला चालणार नाही. तुझ्या जागी मी असतो तर हेच बोललो असतो. माझाच आंडोर, माझंच पोर आहेस, दुसरं काय बोलणार.

वसईला मी पंगतीतून उठलो ते सगळ्यांदेखत उठलो. माझ्यामागे शिंदखेड्याहून टेम्पो भरून आलेले आपले सगळे उठले, दात नसलेले म्हातारेसुद्धा. तुझे सासरे फाटकाशी हात जोडून उभे राहिले. हे मी विसरलो असं समजू नकोस आणि माफी मागतोय असंही समजू नकोस. नाव ऐकून आम्हाला वाटलं होतं, मुलगी शीतल म्हणजे आपल्यातलीच असेल. चर्च पाहिलं तेव्हा कळलं. ते गिळलं. मग तू स्वतः डाव भरून माझ्या ताटात वाढलंस आणि वाढल्यावर सांगितलंस, कशाचं मटण ते. आधी सांगायचं होतंस. असो.

मला काय हवं ते सरळ लिहितो, आडून बोलायची सवय मला नव्हतीच. तुझं या घरात येणं-जाणं पूर्वीसारखं सुरू व्हावं. त्यासाठी मला ते मटण शिजवावं लागलं तर शिजवीन. कृती पाठव.

मानेला थोडी सूज आहे, उन्हाळ्याची असेल. बाकी ठीक.

आबा


उधना
१६ मार्च

योगराज,

धुळेटी झाली. तू आला नाहीस म्हणून मी दिवसभर तोंड फिरवून पडलो होतो. संध्याकाळी आईने तुझ्या बायकोचा फोन झाल्याचं सांगितलं. तिचे उपास चालू आहेत, ईस्टरपर्यंत मटण खात नाहीत, आणि शुक्रवारी तर नाहीच नाही.

मला काय ठाऊक, बाबा? तुमच्यातही उपास असतात हे मला आत्ता कळलं. आणि मी नेमका शुक्रवार काढून डुकराच्या जेवणाचं आवतण धाडलं. तिच्या घरच्यांना वाटलं असेल, म्हाताऱ्याने मुद्दाम केलं. तिला सांग, मुद्दाम नाही. मुद्दाम करायचं ते मी तोंडावर करतो.

आईला मी पाटीवर लिहून विचारलं, 'चिडली होती का?' आई म्हणाली, 'नाही, हसत होती.' हसत होती हे मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

आता आईचं कारण. माझ्या ऑपरेशनच्या वेळी तिने वणीच्या देवीला मांसमच्छी सोडली, जन्मभरासाठी. मला विचारलंसुद्धा नाही. मी जगलो, त्यामुळे आता तिला मागे फिरता येत नाही. बोंबलाची चटणी केल्याशिवाय जिचा रविवार जात नव्हता ती बाई आता दही-भात खाते. तेव्हा ती या भांड्याला हात लावणार नाही, चाखणारही नाही. मी तिच्या मागे लागणार नाही. तो नवस माझ्यासाठीच होता ना.

ईस्टर झाल्यावरचा एखादा रविवार कळव. कृतीही कळव, ती अजून आलेली नाही.

आबा


उधना
२७ एप्रिल

योगराज,

कृती आली. तू पाठवशील वाटलं होतं, तुझ्या बायकोने बोलून पाठवली. आईच्या फोनवर मी ती इतक्या वेळा लावली की शेजारची रंजना दारात येऊन म्हणाली, 'काका, कोणती पाहुणी आलीय तुमच्याकडे?'

तुझी बायको बोलते छान. घाई करत नाही. मटणाचे बारीक तुकडे करा, तेल घालू नका, त्याची चरबी सुटते त्यातच लसूण परता. पास्ता वेगळा उकळा, पाण्यात मीठ घाला, त्यातलं वाटीभर पाणी ठेवा. मग मलई, चीज, मिरपूड. शेवटी म्हणाली, 'आणि बाबा, मीठ चाखून मगच घाला.' मग थांबली. पुढे काहीतरी बोलायला गेली आणि मेसेज तिथेच बंद झाला. लगेच दुसरा आला, 'सॉरी बाबा, माझ्या लक्षात राहिलं नाही.' आवाज बारीक झाला होता तिचा. तिला सांग, मला राग आला नाही. माझ्याही लक्षात राहत नाही. अजून कधीकधी चहा बघून तोंड उघडतो.

निंबाला विचारून ठेवलं आहे. आपला निंबा, लूम चालवतो तो, मागच्या खोलीतला. त्याला सगळं चालतं. बर्फात गोठवलेल्या मालाचं एक दुकान त्याला ठाऊक आहे, गावाच्या त्या टोकाला. तिथे असलं मटण पाकिटात मिळतं. तो आणून देणार आहे. मकानमालक काठियावाडी, कांदा-लसूणसुद्धा जपून खाणारे. पण ते अकरा तारखेला लग्नाला राजकोटला जाणार आहेत. म्हणून अकरा मे धर. खिडक्या बंद करीन.

निंबा म्हणाला, 'काका, मी चाखून सांगतो.' मी नाही म्हणालो. लेकाला चार वर्षांनी जेवू घालायचं आणि त्याच्या आधी दुसऱ्याने उष्टं करायचं, हे मला पटत नाही. आपल्यात आवतणाच्या माणसाआधी भांड्यात बोट घालत नाहीत. अंदाजाने करीन. चाळीस वर्षं मिलच्या रंगखात्यात हजार हजार मीटरचा कपडा अंदाजाने रंगवला आहे, एवढं पातेलं होणार नाही का?

सूज अजून आहे. डॉक्टरला दाखवीन निवांत.

आबा


उधना
१२ मे

योगराज,

काल तुम्ही गेलात आणि मी झोपून गेलो. आज उठल्या उठल्या लिहायला बसलो आहे. मी खुश आहे. हे असं लिहायची मला सवय नाही, पण लिहून ठेवतो.

तुम्ही येण्याआधी काय चाललं होतं ते तुला ठाऊक नाही. सकाळीच आईने देव टोपलीत भरले, वर कापड टाकलं आणि रंजनाकडे नेऊन ठेवले. म्हणाली, 'एक दिवस पाहुणे राहतील.' मग उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसली आणि तिथूनच मला हुकूम सोडत राहिली. गॅस बारीक करा. लसूण जळतोय. वास येतो म्हणून नाकाला पदर आणि लक्ष सगळं आत.

निंबाने पाकीट आणलं, गुलाबी पट्ट्या निघाल्या. मी कापून, धुऊन, आपल्याकडे मटणाला लावतो तसं हळद-मीठ चोळून ठेवलं. हात आपोआप गेला. हळद-मीठ लावल्याशिवाय मटण चुलीवर चढवलेलं मी आयुष्यात पाहिलं नाही. मलई ओतली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सगळं पिवळं झालं रे. तुझं लग्नातलं पांढरंशुभ्र होतं आणि माझं पातेलं म्हणजे हळदीचा कार्यक्रम. आई बाहेरून मान उंच करून म्हणाली, 'हे काय, पिठलं केलं का?'

चव मला कळत नाही, पण रंग कळतो. रंग चढलेला उतरवता येत नाही, फिका मात्र करता येतो. रंगखात्यात शेड गडद झाली की आम्ही तेच करायचो. म्हणून चीज घातलं. थोडं फिकं झालं. आणखी घातलं. दोन्ही डबे रिकामे केले तेव्हा कुठे सायीसारखा रंग आला. मग तुझ्या बायकोने सांगितलं तसं वरून मीठ, मिरपूड.

तुम्ही दारात आलात तेव्हा मी आतच उभा राहिलो.  तुझी मुलगी तुझ्यासारखीच कपाळाला आठ्या घालून बघते. स्नेहा नाव चांगलं ठेवलंस.

तुम्हाला मीच वाढलं. तू पहिला घास घेतलास आणि मी तुझ्या तोंडाकडे बघत बसलो. तू चावत होतास, बघत कुठेच नव्हतास. मग म्हणालास, 'छान झालंय, आबा.' तुझी बायकोही म्हणाली, 'खूपच छान, बाबा.' मी पुन्हा डाव पुढे केला तर तू ताट पुढे केलंस. तिनेही घेतलं. पोरीने पहिलाच घास थुंकला आणि रडायला लागली, तिला तिच्या आईने पर्समधला पाव दिला. लहान आहे, तिला मिरपूड लागली असेल. पाणी मात्र तुम्ही खूप प्यालात. माठ अर्ध्याला आला. सुरतचा उकाडा तुम्हाला सोसत नाही आता, वसईला समुद्राचा वारा असतो.

मग मी माझं घेतलं. हे मी आधी ठरवलं होतं, आईलाही सांगितलं नव्हतं. तुमच्याच पातेल्यातलं दोन डाव काढलं, मिक्सरमध्ये दूध घालून पातळ केलं, सदरा वर केला आणि डॉक्टरांनी जेवणासाठी पोटात बसवलेल्या नळीत पिचकारीने सोडलं. तुझ्या बायकोने पोरीचं तोंड दुसरीकडे फिरवलं. तू बघत होतास. मला तुम्हाला भीती घालायची नव्हती. वसईला जे ताटात राहिलं होतं ते मला तुझ्यासमोर पोटात घालायचं होतं. चवीचं मला काही सांगू नकोस, ते नळीतून खाली जाताना गरम लागलं एवढंच कळलं.

राहा म्हणून आईने तुला किती विनवलं. तू म्हणालास, 'उद्या ड्युटी आहे.' ठीक आहे. ड्युटी असते. पाया पडलास. तुझी बायको, शीतल, तीही पडली. तिच्या डोक्यावर मी हात ठेवला.

उरलेलं फ्रिजमध्ये ठेवलं आहे. निंबा येईल, तो खाईल.

पुढच्या महिन्यात पुन्हा या. आता जमलं ना आपलं.

आबा


उधना
१५ मे

योगराज,

सोमवारचं पत्र तुला मिळालं असेल. मिळालं नसेल तर बरं.

काल निंबा शिफ्ट संपवून आला. मी त्याच्यासमोर पातेलं ठेवलं. तो खुशीत होता, मांडी घालून बसला. एक घास घेतला आणि उठून मोरीत गेला. चूळ भरली, पुन्हा भरली. मग मला म्हणाला, 'काका, हे तुम्ही पोराला वाढलं?'

मी पाटीवर लिहिलं, 'दोनदा घेतलं त्याने.'

निंबाने पातेल्यावर झाकण ठेवलं. मी खांद्याला धरून हलवलं तेव्हा म्हणाला, ते पाकिटातलं मटण आधीच मिठात मुरवलेलं असतं. त्याच्यावर मी मीठ चोळलं. पास्त्याच्या पाण्यात मीठ. चीज म्हणजे निम्मं मीठच, ते मी रंगासाठी दोन डबे ओतलं. आणि सगळ्यावर पुन्हा वरून मीठ. निंबा म्हणाला, 'समुद्राचं पाणी बरं.' आई उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. ती आत आली, पातेलं उचललं, ज्या भांड्याला ती शिवणार नव्हती ते, आणि बाहेर जाऊन रिकामं केलं. मग माझ्या पोटावर हात ठेवून विचारलं, 'तुम्हाला काही होत नाही ना?' रविवारपासून जी तहान लागली होती ती मी उन्हाची समजत होतो.

मी रात्रभर, नाही, तसलं काही लिहीत नाही. आज सकाळी विचार केला आणि मला राग आला. तुझा.

तू शाळेत असताना रोज ताट सरकवायचास. आईला म्हणायचास, 'माय, हाई दाय शे का मीठनं पानी?' डाळीला मिठाचं पाणी म्हणतोस म्हणून मी पट्टा काढायचो तरी तू खायचा नाहीस, उपाशी झोपायचास. भाकर जाड झाली, भाजीत तेल नाही, बट्टी कच्ची आहे. आईला तू एक दिवस सुखाने वाढू दिलं नाहीस. तोच तू रविवारी ते विष दोनदा घेऊन खाल्लंस, पाण्याबरोबर ढकललंस आणि छान म्हणालास.

मी रंगखात्यात असताना शेठने मला एकदा घरी जेवायला बसवलं होतं. कढीत साखर, डाळीत गूळ, मला मळमळलं. मी सगळं संपवलं आणि हात जोडून म्हणालो, 'बहुत अच्छा बना है, शेठ.' म्हणजे असं जेवायचं मला चांगलं ठाऊक आहे. ज्याच्याशी आपला संबंध नाही, ज्याच्या घरातून लवकर निघायचं आहे, त्याच्याकडे माणूस असं जेवतो. तुझी बायको नवीन आहे, तिचं मी समजू शकतो. तिने दयेने खाल्लं. पोरीने थुंकलं, तिचं सगळ्यात बरोबर होतं. पण तू?

आणि दिवसभर तू माझ्याशी कसलं बोललास, तेही मला आता आठवतं. घरात आपण अहिराणी सोडून कधी असली पुस्तकातली मराठी बोललो नव्हतो. 'काळजी घ्या, आबा.' बँकेतला माणूस बोलतो तसं. मी खुशीत होतो, माझ्या कानाला काही कळलं नाही.

मानेची सूज उन्हाची नाही. मी मार्चमध्येच दाखवली होती. तुला लिहिलं नाही, कारण आजारी बापाकडे माणूस दया म्हणून येतो आणि मला दयेने आलेला नको होतास. काल पुन्हा जाऊन आलो. डॉक्टर आता ऑपरेशनचं नावच काढत नाहीत. दुखायला लागलं की या गोळ्या घ्या म्हणाले. आईला अजून सांगितलेलं नाही. तिने आधीच देवीला एवढं देऊन टाकलं आहे, आता आणखी काय सोडेल ते सांगता येत नाही.

मी पुन्हा काही शिजवणार नाही. तुला जेवायला बोलवत नाही. एकटा ये. माझ्यासमोर बस आणि सांग की आबा, ते खारट होतं, घशाखाली उतरत नव्हतं. शिव्या घाल. वसईचं काढ, तुझे सासरे फाटकाशी उभे होते ते काढ, पट्ट्याचं काढ. चार वर्षांत आईला फोनवर जे जे बोललास ते सगळं मला बोल. मी मध्ये तोंड घालणार नाही, मला तोंडच कुठे आहे. एवढा ऐकून घेणारा बाप तुला आधी कधी मिळाला नव्हता.

पण लवकर ये, पोऱ्या. तुझं ते 'छान झालंय' घेऊन मला जायचं नाही.

आबा